आरतीचं माप

मी एक जुनं माप आहे. दुधाचं नव्हे, धान्याचं नव्हे, दातांचं. मित्रांनो, आज दयानंद सरांनी मला डबीतून काढून तुमच्या टेबलावर ठेवलं आणि मागच्या बाकावरून लगेच प्रश्न आला, "सर, हे च्युइंगगम आहे का?" हा प्रश्न दर वर्षी येतो. दातांचा धडा आला की मी लातूरच्या या वर्गात हजर होतो आणि दर वर्षी कोणाला तरी मी च्युइंगगम वाटतो. पूर्वी मला राग यायचा. आता येत नाही. माझी योग्यता नुसतं बघून कळत नाही, ती सांगावी लागते, आणि सांगायला मला मुळीच लाज वाटत नाही.

आधी एक खुलासा. व्याकरणात माप नपुंसकलिंगी असतं. पण "मी आलं, मी गेलं" असं बोलू लागलो तर तुम्ही पोट धरून हसाल आणि माझी गोष्ट बाजूला राहील. म्हणून मी आपला "आलो, गेलो" असंच बोलतो. तुमच्या मराठीच्या बाईंना सांगू नका.

आता मला नीट बघा. घोड्याच्या नालेसारखा निळ्या प्लास्टिकचा एक ट्रे आहे. त्याला बारीक भोकं आहेत. त्या भोकांतून थोडा थोडा बाहेर येऊन मी त्यात घट्ट बसलो आहे. बाहेरून पिवळा, आतून जांभळा. जांभळ्या भागात डोकावा. तिथे एका मुलीचे वरचे दात उलटे उमटले आहेत, हिरडीची कडही दिसते. मधोमध मात्र दोन दातांची जागा सपाट आहे. माझी सगळी गोष्ट त्या सपाट जागेमुळे घडली.

ती मुलगी म्हणजे आरती. नायगावहून बिलोलीकडे जाताना रस्त्यापासून आत एक गाव आहे, तिथल्या ग्यानोबांची एकुलती एक लेक. ती लहान असतानाच तिची आई वारली. तिला वाढवलं ते ग्यानोबांच्या थोरल्या बहिणीनं, केवळाबाईनं. आरती तिला आत्या म्हणते आणि वडिलांना दादा म्हणते. मुलगी मोठी बोलकी. शेतातून घरी येताना ती दिसायच्या आधी ऐकू यायची, असं तिची आत्याच सांगते. शिक्षण झालं, स्थळं आली आणि अहमदपूरच्या दयानंदशी तिचं लग्न ठरलं. हो, हेच तुमचे सर. बघा, आता कसे सगळे सरसावून बसलात!

साखरपुडा झाला आणि काही दिवसांतच घात झाला. आरती गोठ्यात कालवड सोडायला वाकली. दावं सुटताच कालवडीनं एकदम मान वर उडवली आणि तिचं डोकं आरतीच्या तोंडावर आदळलं. वरचे, अगदी समोरचे दोन दात गेले. कालवड बिचारी नंतर तिचा हात चाटत उभी राहिली.

मित्रांनो, जरा "द" म्हणून बघा. जीभ कुठे टेकली? वरच्या दातांच्या मागे. आता "न" म्हणा. साधारण तिथेच. आरतीच्या जिभेला टेकायला जागाच उरली नव्हती. आणि होणारा नवरा कोण, तर दयानंद! आरसा समोर धरून तिनं ते नाव घेऊन बघितलं तेव्हा तोंडातून "झयानंझ" असं काहीतरी बाहेर पडलं. ती स्वतःच आधी हसली आणि मग रडली. त्या दिवसापासून तिनं फोनवर बोलणं सोडलं. सरांना नुसते मेसेज जाऊ लागले. सरांना वाटलं, मुलगी लाजते आहे. इतकी बोलकी मुलगी अचानक लाजायला लागली याचं त्यांना नवल कसं वाटलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

नाव घेता येणं एवढं महत्त्वाचं का, ते तुम्हाला माहीत आहेच. नवरी सासरच्या दारात येते तेव्हा उंबऱ्यावर तांदळानं भरलेलं माप ठेवतात. उखाण्यात नवऱ्याचं नाव घ्यायचं, पायानं ते माप लवंडायचं आणि मग घरात पाऊल टाकायचं. नाव घेतल्याशिवाय नणंदा वाट सोडत नाहीत. दारात गाव जमलेलं असतं आणि मोबाइलवर चित्रण चालू असतं. आरतीला लग्नाची भीती नव्हती, सासरची नव्हती. तिला भीती होती ती त्या उंबऱ्याची. सगळ्यांसमोर तोंड उघडलं आणि "झयानंझ" निघालं तर जन्मभर तेच नाव चिकटेल, असं तिला वाटायचं.

केवळाबाईनं एक दिवस तिचा हात धरला आणि तिला नायगावच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टर मुग्धा मूळच्या नांदेडच्या. त्यांनी दात बघितले आणि सांगितलं, "दोन्ही बाजूंचे दात चांगले मजबूत आहेत. त्यांना थोडं कोरू आणि त्यांच्या आधारावर चार दातांचा पूल बसवू. कायमचा. फक्त माप अचूक पाहिजे."

तिथे माझा जन्म झाला.

त्यापूर्वी मी दोन डब्यांत वेगवेगळा राहत होतो. एका डब्यात सिलिकॉनची पांढरी कणीक, दुसऱ्यात गर्द पिवळी. वेगळे होतो तेव्हा आम्ही दोघेही निरुपयोगी. दोन्ही सारखी घेऊन, एकही रेघ वेगळी दिसणार नाही अशी मळली की मग घड्याळ सुरू होतं. थोडा वेळ मी मऊ असतो, मग घट्ट होऊ लागतो, आणि एकदा घट्ट झालो की कोणी काही करू शकत नाही. मार्च-एप्रिलमध्ये नायगावात ऊन कसं असतं तुम्हाला ठाऊक आहे. उन्हाळ्यात मी फार घाई करतो. म्हणून मुग्धा मॅडम आमचे डबे थंड जागी ठेवत आणि खोली गार केल्याशिवाय आम्हाला हात लावत नसत.

हातावरून आठवलं. मॅडमच्या मदतनीस मंजुषाताई त्या दिवशी रबरी हातमोजे घालून कणीक मळायला निघाल्या होत्या. मॅडमनी तिथल्या तिथे थांबवलं. "अगं, ते मोजे काढ. त्यातल्या गंधकानं हे जमतच नाही, चिकट राहतं." मंजुषाताईंनी मोजे काढले, हात धुऊन पुसले आणि मग मला मळलं. नाहीतर माझी गोष्ट इथेच संपली असती आणि तुम्हाला लवकर सुट्टी झाली असती.

मंजुषाताईंनी मला ट्रेमध्ये भरलं. तोवर मॅडमनी आरतीच्या कोरलेल्या दातांभोवतीची थुंकी ओढून घेतली, हिरडी वाळवली आणि एका नळीतून माझा जांभळा भाग त्या दातांभोवती फिरवला. तो भाग पातळ असतो. जिथे केसही शिरणार नाही अशा फटीत तो शिरतो. मग ट्रे तोंडात गेला आणि पिवळा व जांभळा मिळून आम्ही एक झालो.

"हलू नकोस, आरती. नाकानं श्वास घे," मॅडम म्हणाल्या.

"हलत न्हाई ती," केवळाबाई दारातून म्हणाली. "बोलणारी पोरगी गप झालीय माझी, हलतीय कशाची."

मी जमलो तेव्हा मॅडमनी मला एका झटक्यात काढलं. तसंच काढावं लागतं. हळूहळू हलवत, डुगडुगवत काढलं तर माझा आकार बिघडतो. झटक्यानं काढलं तर दातांच्या फुगवट्यावरून येताना मी ताणला जातो आणि बाहेर आल्याबरोबर होतो तसा होतो. हाच माझा मोठा गुण. मॅडमनी मला पाण्याखाली धुतलं, जंतुनाशकात बुडवून काढलं, उजेडाकडे धरलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "मंजुषा, बघ. कडेची रेघ न् रेघ आलीय. असं माप रोज मिळत नाही."

माझं हे पहिलं कौतुक. मी ते अजून जपून ठेवलं आहे.

मॅडमनी आरतीला कच्चे दात बसवून दिले, कडक काही खाऊ नकोस म्हणून बजावलं आणि मला एका डबीत ठेवलं. मला आता नांदेडला रेणुकादास यांच्या लॅबमध्ये जायचं होतं. रेणुकादास मापावरून दात घडवतात. नायगावहून अशा डब्या काळी-पिवळी जीप चालवणाऱ्या भुजंगच्या हाती जात. भुजंग माणसं नेतो, मुलांचे डबे नेतो, औषधं नेतो, आणि लग्नसराईत नांदेडच्या शिंप्यांकडे गावोगावच्या बायकांची मापंही नेतो. एक बसता ब्लाऊज द्यायचा, शिंपी त्यावरून नवे शिवतो आणि नव्यांबरोबर तो जुना परत करतो. त्या जुन्याला आमच्याकडे मापाचा ब्लाऊज म्हणतात. नुसतं "माप" म्हटलं तरी चालतं.

इथेच घोळ झाला. मंजुषाताई डबी घेऊन निघाल्या तेव्हा केवळाबाईनं ती त्यांच्या हातातून घेतली. "मी जाऊनच राहिले स्टँडवर. भुजंगला आरतीचं माप द्यायचंय. ह्ये बी देते."

स्टँडवर भुजंगची जीप भरून निघालीच होती. केवळाबाईनं खिडकीतून ब्लाऊजची पिशवी आत दिली आणि वर माझी डबी ठेवली.

"भुजंगा, दोनी आरतीचीच मापं हायत. नांदेडात दे. एक उज्वला टेलरकडं, अन् दुसरं..."

मागून एका ट्रॅक्टरनं भोंगा वाजवला. पुढचं कोणालाच ऐकू आलं नाही.

"हाव आत्या, देतो!" भुजंग म्हणाला आणि त्यानं गाडी सोडली.

त्यानं दोन्ही मापं इमानदारीनं उज्वला टेलरकडे दिली. आरतीची दोन मापं आहेत म्हणाला. दुकानात पिशव्यांचे ढीग पडलेले. उज्वलाताईंच्या मशीनला दम घ्यायला फुरसत नव्हती. "ठेव तिकडं," त्या म्हणाल्या. भुजंगनं पिशवी ढिगावर ठेवली आणि मला खिडकीतल्या फळीवर.

मित्रांनो, चूक कोणाची म्हणाल? केवळाबाईनं खरं तेच सांगितलं. मी माप आहेच. भुजंगनं सांगितलं तसंच केलं. मला त्या सगळ्यांचा राग आला नाही. एका शब्दाला दोन घरं असली की कधीतरी पाहुणा चुकीच्या घरी जायचाच.

त्या फळीवर मी किती दिवस होतो ते मोजत बसलो नाही. दुपारी खिडकीतून ऊन यायचं, आणि खालीच इस्त्रीचं टेबल. इस्त्री फिरली की डबीतली हवा तापायची. माझा एक चुलतभाऊ आहे, समुद्राच्या शेवाळापासून बनवलेला. तो स्वस्त आहे, मऊ आहे, कामाचाही आहे. पण तो तिथे असता तर पहिल्याच संध्याकाळी सुकून आक्रसला असता. त्याला ओल्या कपड्यात ठेवावं लागतं आणि त्याच्यात लगेच साचा ओतावा लागतो. मी तसा नाही. मी आठवडाभरही शब्द पाळतो. ऊन लागलं की किंचित फुगतो आणि गार झालं की परत जागेवर येतो. मला माझी काळजी नव्हती. काळजी होती ती तिकडे गावात आरशासमोर बसलेल्या पोरीची.

गावात आरतीच्या दारात लग्नाचा मांडव पडला. ग्यानोबांच्या घरची रीत अशी की मांडव पडल्यावर नवरीनं गावाची शीव ओलांडायची नाही. लग्न लागून ती सासरी निघते तेव्हाच ओलांडायची. त्याच दिवशी कोणीतरी कौतुकानं आरतीच्या तोंडात शेंगदाण्याची चिक्की घातली आणि कच्चे दात मोडून हातात आले. आरती ओढणीनं तोंड झाकून आत गेली. ग्यानोबांनी मुग्धा मॅडमना फोन लावला. पक्के दात तयार असतील तर तेच बसवता येतील, म्हणून मॅडमनी लॅबला फोन केला.

"रेणुकादासजी, आरतीचं काम कुठवर आलं?"

"कोणती आरती, मॅडम? माझ्याकडं तर काहीच आलं नाही."

पुढचे सगळे फोन कसे झाले असतील त्याची तुम्हीच कल्पना करा. मॅडमनी मंजुषाताईंना विचारलं, त्यांनी केवळाबाईला, केवळाबाईनं भुजंगला. भुजंग तेव्हा नांदेडातच होता. तो धावत उज्वलाताईंच्या दुकानात आला.

"ताई, आरतीचं दुसरं माप कुठाय?"

"कोणतं दुसरं? एकच तर ब्लाऊज होता. शिवून बी झाले सगळे." मग त्यांना खिडकीतली डबी आठवली. त्यांनी ती काढली, उघडली आणि किंचाळल्या. "अगं बाई! दात हायत की ह्यात!"

मला जरा वाईट वाटलं. पण मग त्यांना माझं कुतूहल वाटू लागलं. त्यांनी मला हातात घेतलं आणि अंगठ्यानं कडेला दाबलं. मी दबलो. त्यांनी अंगठा काढला. मी होतो तसा झालो. त्यांनी पुन्हा दाबलं. मी पुन्हा तसाच.

"कपडा असा असता तर माझं निम्मं काम वाचलं असतं," त्या म्हणाल्या. एका शिंपिणीनं केलेलं हे माझं दुसरं कौतुक.

भुजंगला मात्र घाम फुटला होता. कधीतरी एका डॉक्टरनं त्याला माझ्या त्या चुलतभावाला नेताना बजावलं होतं, माप सुकू देऊ नकोस. ते त्याला नेमकं आता आठवलं. "इतके दिवस कोरडंच पडलं की वो!" असं म्हणून त्यानं पाण्याची बाटली उघडली आणि माझी डबी काठोकाठ भरली. माझा दुसरा एक नातेवाईक आहे, पॉलिइथर नावाचा. मोठा हुशार, पण पाण्यात ठेवला की पाणी पिऊन फुगतो. भुजंगचं नशीब की डबीत तो नव्हता. मी पाणी पीत नाही. जीपमध्ये डुचमळत डुचमळत मी पोहत लॅबपर्यंत गेलो.

रेणुकादास सावध माणूस. त्यांनी पाणी ओतून टाकलं, मला हळूच वाळवलं आणि आधी नुसतं फळीवर ठेवून दिलं. "उन्हातून आलंय, खोलीइतकं गार होऊ दे. मग बघू." इतक्यात मुग्धा मॅडम नायगावहून स्वतः येऊन पोचल्या.

"मॅडम, मी स्पष्टच सांगतो," रेणुकादास म्हणाले. "नवं माप घ्या. हे इस्त्रीजवळ तापलंय, वरून पाण्यात बुडालंय. यावरून दात केले आणि ऐन मांडवात बसले नाहीत तर तुमचं नाव जाईल अन् माझं बी."

मॅडमनी ग्यानोबांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. नवं माप घ्यायचं तर दवाखान्यातच, तिथला उजेड आणि थुंकी ओढायचं यंत्र घरी नेता येत नाही. म्हणजे आरतीला शीव ओलांडावी लागणार.

ग्यानोबांचा आवाज फोनमधून मलाही ऐकू येत होता. "म्याडम, आक्का न्हाई म्हणतीय. मांडव पडलाय म्हणतीय. पर तुम्ही म्हणलात तर मी पोरीला घेऊन निघतो. रीत गेली खड्ड्यात."

पलीकडून केवळाबाईचा आवाज आला. "ग्यानोबा, थांब. चूक माझ्या हातनं झाली. मीच त्या भुजंगच्या हवाली केलं. डॉक्टरीणबाई, खरं सांगा. त्ये माप खोटं झालं का? खोटं झालं असंल तर मी सोता पोरीला शिवंच्या भायेर आणते. पर खरं असंल तर कामून रीत मोडायची?"

मॅडमनी मला उचललं. भिंग डोळ्याला लावलं. दाराशी भुजंग हात जोडून उभा होता. भिंगाखाली मी कडेची प्रत्येक रेघ त्यांच्यासमोर धरली. कुठे फाटलो नव्हतो, कुठे ओढला गेलो नव्हतो, ट्रेपासून सुटलो नव्हतो. पहिल्या दिवशी उजेडाकडे धरलं होतं तसाच होतो. तुम्हाला हा माझा गर्व वाटेल, पण त्या वेळी मला जराही धाकधूक नव्हती.

"मावशी," मॅडम फोनमध्ये म्हणाल्या, "माप खरं आहे. आरतीला कुठं आणायची गरज नाही. दात घेऊन मीच येते."

रेणुकादासांनी मान हलवली. पण एकदा ठरल्यावर त्यांनी कसूर केली नाही. कडक पिवळ्या दगडी पावडरीचं मिश्रण त्यांनी थेंबाथेंबानं माझ्यात सोडलं, एकही बुडबुडा अडकू न देता. ते घट्ट झाल्यावर मला सोडवलं तेव्हा आरतीचे दात दगडात उभे राहिले होते. त्यावर त्यांनी पूल घडवला.

हळदीच्या दिवशी सकाळी मुग्धा मॅडम आणि मंजुषाताई गावात आल्या. मलाही डबीत घालून आणलं होतं. मांडवात चांगला उजेड होता. आरतीला खुर्चीवर बसवलं. भोवती सगळ्या बायका जमल्या. ग्यानोबा मांडवाच्या खांबाला धरून उभे होते. केवळाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. मॅडमनी पिशवीतून नवे दात काढले, आरतीच्या तोंडात धरले आणि अंगठ्यानं दाबले.

टक्.

एवढाच आवाज. कुठे घासावं लागलं नाही, कुठे अडलं नाही. मॅडमनी रंगीत कागद चावायला दिला, काढून बघितला आणि मंजुषाताईंकडे बघून हसल्या. मग दात चिकटवून पक्के केले आणि त्या म्हणाल्या, "बोल आता."

बायका एका सुरात ओरडल्या, "नाव घे! नाव घे!"

"न्हाई!" केवळाबाई म्हणाली. "नाव तिथं घ्यायचं. उंबऱ्यावर. हितं दुसरं काईबी बोल."

आरतीनं जीभ नव्या दातांमागे टेकवून बघितली. मग तिनं खांबाकडे बघितलं आणि हाक मारली, "दादा."

दोन द. दोन्ही स्वच्छ. कच्चे दात मोडल्यापासून त्या घरात पुन्हा नुसतं "झाझा" ऐकू येत होतं. ग्यानोबा "आलो गं" म्हणाले आणि तिच्याकडे न येता मांडवाचा बल्ब नीट लागलाय का ते बघत राहिले. बल्ब दिवसा बंदच होता.

केवळाबाई रडली नाही. ती मॅडमकडे वळून म्हणाली, "माप कुठाय?"

"हे? हे आता कशाला हवंय, मावशी? काम झालं. आम्ही फेकून देतो."

"फेकता? डॉक्टरीणबाई, आमच्यात माप ठिवून घेत न्हाईत अन् फेकत बी न्हाईत. काम झालं की माप परत द्यावं लागतं."

मॅडम हसल्या आणि त्यांनी माझी डबी केवळाबाईच्या हातात दिली. केवळाबाईनं मला बाहेर काढलं, अंगठ्यानं दाबलं आणि अगदी हळू म्हणाली, "लई खरा निघालास रे बाबा." ती मला "रे" म्हणाली. तेव्हापासून मीही स्वतःला पुल्लिंगीच समजतो.

लग्न लागलं. केवळाबाई पाठराखीण म्हणून अहमदपूरला गेली. तिच्या हातातल्या पिशवीत आरतीचा मापाचा ब्लाऊज होता आणि त्यात गुंडाळलेला मी. म्हणून उंबऱ्यावर काय झालं ते मी सांगू शकतो. बघितलं नाही, ऐकलं.

नणंदांनी वाट अडवली. मोबाइल उंचावले असणार. कोणीतरी म्हणालं, "वयनी, मोठ्यानं हं, मागं ऐकू येत न्हाई." पिशवीच्या बंदांवर केवळाबाईची मूठ इतकी आवळली की आत मी दबलो. मग आरतीचा आवाज आला. शेतातून घरी येताना ती दिसायच्या आधी ऐकू यायची ना, तो आवाज.

"एका मापानं दात दिले, दुसऱ्यानं दिलं दार,
दयानंदरावांचं नाव घेते, आता ऐका वारंवार!"

दयानंद. प्रत्येक अक्षर जिथल्या तिथे. टाळ्या पडल्या, तांदूळ सांडल्याचा आवाज झाला आणि केवळाबाईची मूठ सैल झाली. मीही होतो तसा झालो.

मित्रांनो, अशी ही माझी गोष्ट. तुमचे सर आता खाली बघून हसताहेत, त्यांना हसू द्या. तेव्हापासून मी आरतीच्या कपाटात राहतो आणि वर्षातून एकदा तुमच्याकडे येतो. माझ्यासारखी किती तरी मापं रोज कोणाकोणाच्या तोंडातून निघतात आणि काम झालं की कचऱ्यात जातात. त्याचं मला थोडं वाईट वाटतं. त्यांनीही कोणाला तरी घास दिलेला असतो, कोणाला तरी एखादं अक्षर परत दिलेलं असतं. तेव्हा आपले दात सांभाळा. आणि कधी कोणाच्या हाती माप पाठवलंत तर कशाचं आहे ते भोंगा थांबल्यावर पुन्हा एकदा सांगा.

आता मला हातोहात फिरवा, दाबा, वाकवा, मी बिघडत नाही. फक्त शेवटच्या बाकापर्यंत गेलो की तिथे ठेवून घेऊ नका. संध्याकाळी सर घरात शिरले की आरती पहिलं विचारते, "माप आणलं का?" मला परत द्या. आमच्यात माप परत द्यावं लागतं.